आइसलँडचा घोडा आणि चिलटांचा दंश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आइसलँडहून डेन्मार्क, जर्मनी वा स्वित्झर्लंड येथे नेलेला धडधाकट घोडा एकदोन उन्हाळ्यांतच आयाळ आणि शेपटीचे मूळ खांबाला घासू लागतो. केस झडतात, कातडी जाड होऊन सुरकुतते आणि अखेरीस जखमांतून रक्त वाहते. मुक्या जनावराच्या या यातनेविषयी जे समज रूढ आहेत, त्यांची शहानिशा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : ही खरूज असून ती अस्वच्छ तबेल्यामुळे पसरते.

वस्तुस्थिती : खरूज सूक्ष्म किड्यांमुळे होते व संसर्गाने पसरते, ही व्याधी मात्र कुलिकॉइड्स जातीच्या, एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या चिलटांच्या दंशावरील अ‍ॅलर्जी असल्यामुळे एका घोड्यापासून दुसऱ्यास लागत नाही.

गैरसमज : दंशातील विषामुळे कातडी सडते.

वस्तुस्थिती : चिलटांची मादी रक्त शोषताना जी लाळ सोडते, तिच्यातील प्रथिने निरोगी घोड्यास फारशी बाधत नाहीत, परंतु ज्याची प्रतिकारसंस्था त्यांना शत्रू मानून आयजीई नावाची प्रतिपिंडे निर्माण करते, त्याच्या त्वचेतील मास्ट पेशींवर ही प्रतिपिंडे जाऊन बसतात, आणि पुढच्या दंशासरशी त्या पेशी हिस्टामीन व तत्सम द्रव्ये ओततात. त्यानंतर काही तासांत इओसिनोफिल पेशी तेथे जमून दाह लांबवतात. सबब, अपाय होतो तो लाळेपेक्षा घोड्याच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे.

गैरसमज : या जातीचे रक्तच नाजूक आहे.

वस्तुस्थिती : आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे खरे, तथापि परदेशात जन्मलेल्या याच जातीच्या घोड्यांत ही व्याधी साधारणतः दहा टक्क्यांहून कमी आढळते, तर प्रौढ वयात आइसलँडहून आणलेल्यांपैकी, चिलटांचा सुळसुळाट असलेल्या भागांत, सुमारे निम्म्यांना ती जडते. ही व्याधी उत्पन्न करणारी चिलटे त्या बेटावर नसल्यामुळे तेथील शिंगराच्या प्रतिकारसंस्थेला, ती घडत असतानाच, या लाळेशी सलोखा करण्याची संधी मिळत नाही. पहिल्या वर्षातच परदेशी आलेल्या शिंगरांना मात्र प्रौढ घोड्यांहून धोका पुष्कळ कमी असतो.

गैरसमज : कालांतराने सवय होऊन त्रास आपोआप थांबेल.

वस्तुस्थिती : हिवाळ्यातील आराम केवळ चिलटांच्या अभावाचा असतो. प्रतिकारसंस्थेची स्मृती टिकून राहते व उन्हाळ्यागणिक त्रास बहुधा वाढतो.

गैरसमज : एका इंजेक्शनाने रोग समूळ जातो.

वस्तुस्थिती : कॉर्टिकोस्टेरॉईडने दाह तात्पुरता शमतो, मूळ प्रवृत्ती मात्र कायम राहते. म्हणून पहाटे व सायंकाळी घोडा आत बांधणे, मान व पोट झाकणारी बारीक विणीची झूल घालणे, तबेल्यात पंखा ठेवणे (कारण चिलटे वाऱ्यापुढे टिकत नाहीत), हाच भरवशाचा बंदोबस्त होय. इओसिनोफिल पेशींना चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-५ विरुद्धची लस झुरिक येथील संशोधकांनी घोड्यांवर वापरून जखमा घटल्याचे दाखविले आहे, तर बर्न येथे व आइसलँडमधील केल्डूर संस्थेत लाळेतील प्रथिनांपासून प्रतिबंधक लस घडविण्याचे प्रयत्न झाले आहेत.

एकदा बेट सोडलेल्या घोड्यास परत येण्याची मुभा आइसलँडचा कायदा देत नाही. म्हणूनच तो कोणत्या वयात, कोणत्या मुलखात व कोणत्या बंदोबस्तात पाठवावयाचा, याचा विचार व्यवहार ठरण्यापूर्वीच झाला पाहिजे, आणि तो करण्याचे दायित्व विकणारा व घेणारा या दोघांचेही आहे.