सरकारी वकिलाचे शिक्षण

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, जिथे उत्तरेकडच्या आदिवासी वस्त्यांतून कोरकू बोलणारी कुटुंबे राहतात, एखाद्या बालिकेवरील अत्याचाराची फिर्याद दाखल झाली, तर तो खटला सत्र न्यायालयाच्या दर्जाच्या विशेष न्यायालयापुढे चालतो. आणि त्या अपरिचित दालनात तिची हकिकत पुराव्याच्या रूपाने उभी करण्याचा भार मुख्यत्वे सरकारी वकिलावर पडतो.

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या, ‘पॉक्सो’ या संक्षिप्त नावाने परिचित झालेल्या अधिनियमाने या विशेष सरकारी वकिलाला किमान सात वर्षांच्या वकिलीची अट घातली. परंतु वकिलीची वर्षे ही बालमन उमगल्याची हमी नव्हे. बालकाला प्रश्न थेट विचारायचे नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत विचारावयाचे. सरतपासात सूचक प्रश्नांना सामान्यतः मज्जाव. आणि न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत साक्ष नोंदली जावी ही अपेक्षा. ‘घटनेची तारीख कोणती?’ या प्रश्नापुढे नऊ वर्षांचे मूल मूक होईल, पण त्या दिवसांत शेतात कोणते काम चालले होते असे विचारल्यास कपाशीच्या वेचणीची आठवण तेच मूल निःसंकोच सांगेल. असा प्रश्न रचणे, तसेच मुलाची बोली निराळी असल्यास कलम ३८ अन्वये दुभाष्याची मागणी वेळीच करणे, ही विद्या शिकवावी लागते, ती आपोआप येत नाही. आरोपीने गुन्हा केला असे मानून चालणारे कलम २९ चे गृहीतक अभियोग पक्षाच्या बाजूचे खरे, पण मूलभूत तथ्ये सिद्ध केल्यावाचून तेही निरुपयोगी ठरते.

शिवाय कायद्याचा अर्थ स्थिर नसतो. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लैंगिक हल्ल्याच्या गुन्ह्यासाठी त्वचेचा त्वचेशी प्रत्यक्ष स्पर्श आवश्यक मानणारा निर्णय दिला. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून लैंगिक हेतू हाच निर्णायक ठरविला. बुलढाणा जिल्हा याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो, तेव्हा हा बदल तेथील वकिलास मुखोद्गत असलाच पाहिजे.

पैशाचे काय? २०१९ मध्ये जलदगती विशेष न्यायालयांची योजना सुरू झाली, आणि मार्च २०२६ पर्यंतच्या तिच्या मुदतवाढीसाठी १,९५२.२३ कोटी रुपये मंजूर झाले. पण त्या हिशेबाचा गाभा एक न्यायिक अधिकारी, सात कर्मचारी आणि दैनंदिन खर्च हा आहे. स्मृती तुकाराम बदाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्ष-केंद्रे उभारण्यास आणि राज्यांनी त्यासाठी निधी देण्यास फर्मावले, हे योग्यच झाले. मात्र उत्तम दालनातही अप्रशिक्षित वकिलाचा एक उतावळा प्रश्न साक्ष बिघडवू शकतो. अमेरिकेने १९९० सालीच बालअत्याचाराचे खटले चालविणाऱ्या वकिलांच्या प्रशिक्षणासाठी अनुदानाची तरतूद कायद्यात केली. आपल्याही अधिनियमाचे कलम ४३ संबंधित अधिकाऱ्यांना नियतकालिक प्रशिक्षण देण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. सत्र न्यायालयांतले सरकारी वकील आपल्याकडे बहुधा मुदतीच्या नेमणुकीवर असतात; मुदत संपली की कमावलेला अनुभवही त्यांच्याबरोबर जातो, म्हणून एकदाच घेतलेले शिबिर पुरणार नाही.

विधी व न्याय विभागाने या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, उत्तनच्या न्यायिक अकादमीत दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतील वकिलांना पाचारण करावे, आणि त्यांचा प्रवासखर्च व बुडालेल्या दिवसांचे मानधन सरकारी तिजोरीतून द्यावे. बुलढाणा जिल्ह्याच्या आमदारांनी ही मागणी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात लावून धरावी, अशी त्यांना विनंती आहे.