रेखाटलेला चेहरा आणि उमटलेला चेहरा

येशू ख्रिस्ताचे चित्र कोणाचे आहे, हे सांगावे लागत नाही. लांब केस, मधोमध भांग, दाढी. परंतु चारही शुभवर्तमाने चाळली तरी त्यांत त्याच्या रूपाचे वर्णन नाही. रोमच्या भुयारी दफनभूमीतील तिसऱ्या शतकातल्या चित्रांत तर तो दाढी नसलेला तरुण मेंढपाळ आहे. मग हा ओळखीचा चेहरा आला कोठून?

पुष्कळ भाविक यावर इटलीतील तुरीन शहराकडे बोट दाखवतात. तेथे सुमारे ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद असे लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्याचे, वस्त्र जतन केलेले आहे. त्यावर एका जखमी पुरुषाची पुढची व पाठीची अशी दोन फिकट प्रतिबिंबे आहेत. येशूचा देह याच वस्त्रात गुंडाळला होता, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे घडवलेली मूर्ती आणि स्वयंभू मूर्ती यांत जो फरक मानतात, तसाच हा प्रकार. १८९८ साली सेकोंदो पिया यांनी वस्त्राचे छायाचित्र घेतले, तेव्हा निगेटिव्हच्या काचेवर तो चेहरा अधिकच स्पष्ट, खऱ्या माणसासारखा दिसला. शिवाय बहुतेक चित्रांत खिळा तळहातात असतो, वस्त्रावर मात्र जखम मनगटाशी आहे. नुसती चित्राची नक्कल असती तर हे कसे घडले, असा भाविकांचा प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पण सनावळी त्यांच्या विरुद्ध जाते. या वस्त्राचा खात्रीचा उल्लेख चौदाव्या शतकात, फ्रान्समधील लिरे या गावी मिळतो. १३८९ मध्ये तेथील बिशपनेच, हे रंगवलेले आहे, अशी तक्रार पोपकडे केली होती. १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि अ‍ॅरिझोना येथील प्रयोगशाळांनी कार्बन-पद्धतीने कापडाचा काळ १२६० ते १३९० असा काढला. उलट सिनाई पर्वतावरील मठातले दाढीधारी ख्रिस्ताचे चित्र सहाव्या शतकातले. तेव्हा चित्रांनी वस्त्रावरून चेहरा घेतला असे म्हणण्यापेक्षा वस्त्रानेच चित्रांवरून घेतला, हे मला अधिक पटते.

१९३४ मध्ये पोलिश जोगीण फौस्तिना हिने आपल्याला दिसलेला येशू काझिमिरोव्हस्की या चित्रकाराकडून रंगवून घेतला. तो चेहराही वस्त्राशी जुळतो असे म्हणतात. जुळणारच, दोहोंमागे परंपरा एकच! पण मला लक्षात राहिले ते निराळेच. चित्र पाहून फौस्तिना रडली, कारण दर्शनातले रूप त्यात उतरले नव्हते. चित्राला असे अपुरे राहण्याची मुभा असते. गोव्यात जन्मलेले अँजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी पुण्याच्या आश्रमात राहून मेरीला साडी नेसवली, ती याच मुभेवर. वस्त्राला ती नाही. ते एक तर त्या देहाचे, नाही तर नव्हे.

१९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा श्रद्धेचा विषय नसल्याचे सांगून निर्णय शास्त्रज्ञांवर सोपवला. प्रतिबिंब नेमके कसे उमटले, याबाबत त्यांच्यात अजून एकमत झालेले नाही.