गच्चीवरचा पालक आणि पिंपातली चिलापी

नगरमध्ये आमच्या भागात नळाला पाणी एक दिवसाआड येते. गच्चीवर भाजी लावायचा विषय काढला तेव्हा अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लगेच विचारले, "प्यायला पुरत नाही, झाडांना कुठून घालशील?" प्रश्न बरोबरच होता. म्हणून सुरुवात वुजूच्या पाण्यापासून केली. त्यात साबण नसतो. नळाखाली घमेले ठेवले आणि त्या पाण्यावर पुदिना, कोथिंबीर, मिरचीच्या आठ कुंड्या उन्हाळाभर हिरव्या राहिल्या.

खत घरातलेच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली हेच केले. ओला कचरा टाकायचा कुठे, या अडचणीतून तिथे पिंपांमध्ये फळझाडे आणि भाज्या उभ्या राहिल्या. रमजानमध्ये आपल्याकडे कलिंगड-खरबुजाच्या सालींचा जो ढीग निघतो, तो आठवून पाहा.

मग मला मातीशिवाय शेतीचे वेड लागले. खाली मासे, वर भाजी, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरते. पानांतून आणि उन्हाने उडेल तेवढीच भर घालायची. दोनशे लिटरचे पिंप आणले, छोटा पंप बसवला, नळाचे पाणी भरले आणि त्याच दिवशी दहा चिलापी सोडल्या. उजनीच्या पाण्यात सापडते तीच ही चिवट मासळी. तरी पाचव्या दिवशी सगळ्या वर तरंगत होत्या. धाकटी रडून रडून झोपली.

मी भाषेची शिक्षिका. चूक समजावली ती शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. झाडांना हवे असते ते नायट्रेट. पण हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो, आणि मी एक दिवसही थांबले नव्हते. शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडू द्यायलाही हवे होते.

दुसऱ्या खेपेला पाणी उघडे ठेवले, रोज चिमूटभर खाद्य टाकून महिनाभर खडीतून फिरवले, मग दोनच मासे सोडले. वीज गेली की पाण्यातली हवा संपते, म्हणून बॅटरीवरचा पंप घेतला. भाजीवर औषध मारायचे नाही, ते थेट माशांच्या पाण्यात उतरते. आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन; पिंप स्लॅबच्या मधोमध ठेवण्याआधी जाणत्या इंजिनिअरला जरूर विचारा.

पालक आणि पुदिना उत्तम येतो. टोमॅटो रुसतो, कारण माशांच्या पाण्यात लोह आणि पालाश कमी पडते. पंप, खाद्य, वीज धरली तर ही भाजी बाजारापेक्षा स्वस्त पडत नाही, हे खरे सांगते. कुंड्यांचे तसे नाही, त्यांना खर्चच नाही.

आता पिंपात सहा चिलापी आहेत. धाकटीने सगळ्यांची नावे ठेवली आहेत, त्यामुळे तव्यावर अजून एकही गेलेली नाही. वुजूचे घमेले मात्र अम्मी स्वतः उचलून ठेवतात.