डिस्क लागत नाही, म्हणजे खराब झाली असे नव्हे

लग्नाचे शूटिंग करणारे किंवा टीव्ही-प्लेयर दुरुस्त करणारे जे आपले बांधव आहेत, त्यांच्या दुकानात अलीकडे एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. हातात जुनी सीडी किंवा डीव्हीडी असते. तीत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा भावाचा निकाह असतो, नाहीतर हजला निघालेल्या वडिलांना निरोप देतानाचे चित्रण असते. "हे पेनड्राइव्हवर घालून द्या," एवढीच मागणी. दुकानदार डिस्क प्लेयरमध्ये घालतो, पडद्यावर 'नो डिस्क' येते, आणि तो ती परत करीत म्हणतो, "खराब झालीय, आता काही होणार नाही." गिऱ्हाईक हिरमुसून जाते आणि पुष्कळदा घरी गेल्यावर ती डिस्क कचऱ्यात जाते. वास्तविक त्यातील कित्येक डिस्क धडधाकट असतात. त्या डिस्कचे आणि त्या प्लेयरचे जमत नाही, एवढीच गोष्ट.

हे न जमण्याचे कारण समजून घेतले पाहिजे. सिनेमाची बाजारी सीडी साच्यातून छापलेली असते. तिच्यावर बारीक खड्डे असतात आणि वर धातूचा चकचकीत थर. आपण दुकानात राइट करतो त्या सीडी-आरमध्ये मात्र रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसर तो थर जाळून खुणा करतो. सीडी व व्हीसीडीचे प्लेयर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेसर वापरतात आणि सीडी-आरचा रंग त्याच प्रकाशासाठी तयार केलेला आहे. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी आली ती ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर घेऊन. हा लाल प्रकाश सीडी-आरच्या रंगात शोषला जातो, परत येत नाही. म्हणजे छापील सीडी दिसते, पण घरी राइट केलेली सीडी प्लेयरच्या दृष्टीने काळा तवा. म्हणून एकच लेसर असलेल्या सुरुवातीच्या डीव्हीडी प्लेयरवर सिनेमाची व्हीसीडी लागे आणि लग्नाची लागत नसे. पुढे कंपन्यांनी दोन लेसर बसविले व ही अडचण मिटली.

यात एक गंमत आहे. पुन्हा पुन्हा राइट होणारी सीडी-आरडब्ल्यू फारच थोडा प्रकाश परत देते. छापील सीडी सुमारे ७० टक्के प्रकाश परतविते, तर आरडब्ल्यू १५ ते २५ टक्के. जुन्या व्हीसीडी प्लेयरना एवढ्याने भागत नसे. परंतु तिच्यात रंग नसून धातूंचे मिश्रण असल्याने लाल लेसरला ती दिसे. त्यामुळे ज्या डीव्हीडी प्लेयरवर साधी सीडी-आर लागत नसे, त्यावर आरडब्ल्यू लागे, आणि जुन्या व्हीसीडी प्लेयरवर नेमके उलटे! त्या काळी "तुमची सीडी आमच्याकडे चालत नाही, बाकीचे पैसे मिळणार नाहीत" अशी भांडणे दुकानादुकानांत झाली. कितीतरी शूटिंगवाल्यांनी त्यात आपली कष्टाची मजुरी सोडली. दोष ना त्यांचा होता, ना गिऱ्हाइकाचा.

डीव्हीडीत तर दोन पंथच पडले. १९९७ साली डीव्हीडी मायनस आर आली, २००२ मध्ये डीव्हीडी प्लस आर. जुने प्लेयर साधारणपणे मायनस आर बरी ओळखत. प्लस आरवर डिस्कचा प्रकार नोंदविलेला असतो आणि तो वाचून काही प्लेयर अडून बसत. त्यावर तोड अशी की राइट करताना ही नोंद बदलून 'डीव्हीडी-रॉम' करता येते. बरेच रायटर ही सोय देतात. मायनस आरमध्ये तशी सोय नाही. डीव्हीडी-आरडब्ल्यू मात्र दुहेरी थराच्या छापील डिस्कइतकाच प्रकाश परत देते. त्यामुळे काही प्लेयर तिला दुहेरी थराची समजतात आणि नसलेला दुसरा थर शोधत बसतात!

हे सर्व ध्यानात घेऊन जुनी डिस्क हाती आली की आधी उलटून पाहावी. छापील डिस्क चांदीसारखी दिसते, सीडी-आर हिरवट, निळसर किंवा सोनेरी, डीव्हीडी-आर जांभळट, आणि आरडब्ल्यू गडद राखाडी. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. मग प्लेयरचा नाद सोडून संगणकाच्या डीव्हीडी रायटरमध्ये घालावी. त्यात दोन्ही लेसर असतात, आणि राइट करणारे यंत्र वाचण्याच्या कामातही पुष्कळदा प्लेयरपेक्षा सरस ठरते. एक रायटर वाचत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा लावून पाहावा. आमच्या घरची एक लग्नाची डीव्हीडी तीन यंत्रांनी नाकारली आणि चौथ्याने मुकाट वाचली.

छोट्या ८ सेंटिमीटरच्या डिस्कबाबत विशेष सावध राहावे. त्या हँडी कॅमेऱ्यातल्या असतात. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यात 'फायनलाइज' हे बटण दाबायचे राहिले असेल तर प्लेयरला तीत काहीच दिसत नाही. संगणक तर ती कोरी आहे असे समजून फॉरमॅट करू का, असे विचारतो. येथे चुकूनही होकार देऊ नये. आरडब्ल्यू असेल तर होते नव्हते ते सर्व पुसले जाईल. गिऱ्हाइकाकडे तो कॅमेरा अजून असेल तर मागवून घ्यावा आणि त्यातच फायनलाइज करावे. फटीतून आत ओढून घेणाऱ्या कारच्या प्लेयरमध्ये ही छोटी डिस्क कधी घालू नये, ती अडकते.

व्हीसीडीची कॉपी अर्ध्यावर थांबली तर घाबरू नये. व्हीसीडीत जास्त चित्र मावावे म्हणून चूक दुरुस्त करणारी एक पातळी काढून टाकलेली असते. साधी कॉपी एका ओरखड्यावर अडते. खराब भाग वगळून पुढे जाणारे सॉफ्टवेअर वापरले तर दोन-चार सेकंदांचे चित्र फाटते, बाकी समारंभ वाचतो.

आखातात किंवा अमेरिकेत नातेवाईक असलेली कोकणातील कुटुंबे आणखी एक तक्रार आणतात की तिकडे पाठविलेली डिस्क तिकडे चालत नाही. तेव्हा रीजन कोडला दोष दिला जातो. भारताचा रीजन ५, आखाताचा २, अमेरिकेचा १ हे खरे, पण घरी राइट केलेल्या डिस्कवर सहसा असा कोड नसतोच. अमेरिकेच्या बाबतीत खरे कारण बहुधा पाल आणि एनटीएससी हा फरक असतो. तिकडचे पुष्कळ प्लेयर आपली पाल डिस्क दाखवीत नाहीत. अशांना पेनड्राइव्हच द्यावा.

आजही एखादी वयस्क बाई "मला डिस्कच हवी, माझा जुना प्लेयर चालू आहे" असे सांगते. तिला मायनस आर द्यावी, नाहीतर रॉमची नोंद केलेली प्लस आर. वेग चार किंवा आठ पट ठेवावा. वर कागदी स्टिकर चिकटवू नये, त्याने डिस्क फिरताना डगमगते. बॉलपेनने तर लिहूच नये. सीडीत रंगाचा थर वरच्या बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो, त्यामुळे खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा घातक.

घाई मात्र करायला हवी. रंगाचा थर उन्हाने आणि वयाने फिका पडतो. चांगल्या सीडी-आरसाठी नावाजलेल्या जपानच्या ताइयो युदेनने २०१५ साली हा धंदा सोडला, सोनीने राइट करण्याच्या ब्लू-रे डिस्क बनविणे फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. रायटरही हळूहळू दुर्मिळ होणार. तेव्हा हे काम करणाऱ्या बांधवांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे चालू रायटर आताच बाजूला ठेवावेत. मजुरी चित्र मिळाले तरच घ्यावी, आणि पावतीवर डिस्कचा प्रकार व ती आली तेव्हाचे ओरखडे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी.