जुन्या जीपचा दुसरा दांडा

बाळकुम नाक्यावर एखादी जुनी महिंद्रा जीप उभी दिसली, तर मुलांना आत डोकावून बघायला सांगा. गिअरशेजारी आणखी एक-दोन दांडे असतात. त्यातला एक पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद देतो, तीच 'फोर-व्हील'.

मग ती रोज का लावायची नाही? वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. पण या जीपमध्ये दांडा टाकला की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात चाक घसरतं आणि फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, सगळा ताण गिअर-सांध्यांवर येतो. म्हणून घोडबंदर रोडला टू-व्हील, मुरबाडकडच्या चिखलात फोर-व्हील.

जीप नव्याने बांधताना आधी चासी ठोकून बघा. खाडीकाठच्या दमट हवेत रंगाखाली गंज लपतो. मग ब्रेक, मग इंजिन. रंग शेवटी (लोक नेमकं उलटं करतात!). इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्या. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाजोगे बदल करू देत नाही.

वर्गासाठी प्रयोग: सायकलची चाकं ओली करून अंगणात वळवा. दोन वेगळ्या रेघा उमटतील. बाहेरची कोणत्या चाकाची, ते मुलांना विचारा.