डॉक्टरांच्या खिशातील विजेरी

स्टेथोस्कोप ही डॉक्टरांची ओळख मानली जाते. विजेरीच्या वाट्याला तो मान कधी आला नाही. घरात तिला ‘बॅटरी’ म्हणतात, दवाखान्यात ‘टॉर्च’, आणि तिची आठवण होते ती बहुधा दिवे गेल्यावर. वास्तविक बालरोगतज्ज्ञाच्या दिवसभराच्या कामात हे साधन स्टेथोस्कोपच्या खालोखाल हाती येते. घसा, बाहुल्या, डोळ्यांचा पांढरा भाग, ओठ, जीभ, नखे, अंगावरील पुरळ या साऱ्यांची पाहणी प्रकाशावाचून होत नाही. तान्हे मूल आपले दुखणे शब्दांत सांगत नाही. त्याच्या वतीने त्याचा रंग बोलतो. म्हणूनच तो रंग आपण कोणत्या प्रकाशात पाहतो, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

मध्य प्रदेशात २००० नंतरची काही वर्षे भारनियमनाची गेली. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी हेच प्रचाराचे मुख्य मुद्दे होते. त्या काळात विजेरी हे अंधार घालवण्याचे साधन होते. आता बहुतेक रुग्णालयांत इन्व्हर्टर वा जनरेटर असतो. त्यामुळे खिशातील विजेरीचे मुख्य काम नीट पाहणे हे झाले आहे. तिची निवड मात्र आपण अजूनही ‘उजेड किती पडतो’ या एकाच कसोटीवर करतो. ही कसोटी अपुरी का आहे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

ल्यूमेन, कॅन्डेला आणि लक्स

विजेरीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा ल्यूमेनचा असतो. दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश म्हणजे ल्यूमेन. तो प्रकाश एका दिशेत किती एकवटला आहे, हे कॅन्डेला सांगते. आणि पाहावयाच्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात किती प्रकाश पोहोचला, हे लक्स सांगते. जुन्या ४० वॅटच्या बल्बमधून सुमारे ४०० ल्यूमेन प्रकाश मिळत असे, तर दोन मोठ्या सेलांची जुनी पितळी विजेरी दहा-वीस ल्यूमेनच्या आसपासच असे. तरीही तिचा झोत परसदाराच्या टोकापर्यंत जाई, कारण आरशाने तो प्रकाश एकवटलेला असे.

विजेऱ्यांच्या मोजमापासाठी २००९ साली अमेरिकेत ‘एफएल-१’ नावाचे मानक तयार झाले. त्यानुसार झोताचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्स, अर्थात पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर. कॅन्डेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की हे अंतर मीटरमध्ये मिळते. २,५०० कॅन्डेलाच्या विजेरीचा पल्ला १०० मीटर भरतो. तो २०० मीटर करण्यासाठी १०,००० कॅन्डेला लागतात. म्हणजे पल्ला दुप्पट करण्यास तीव्रता चौपट करावी लागते.

हेच गणित उलट दिशेने केले म्हणजे आपल्या कामाचा निष्कर्ष हाती येतो. आपण रुग्णाला १०० मीटरवरून तपासत नाही, एका हाताच्या आतून तपासतो. २,५०० कॅन्डेलाचा तोच झोत ३० सेंटिमीटरवर धरला, तर ढोबळमानाने २७,००० लक्स प्रकाश पडतो. भर दुपारी सावलीत उभे राहिल्यावर मिळणाऱ्या प्रकाशाइतका, किंवा त्याहूनही अधिक, असा हा उजेड अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडलेल्या अर्भकाच्या चेहऱ्यावर येऊन आदळतो. मूल डोळे घट्ट मिटते, रडू लागते, आणि बाहुली तपासण्याची संधी निघून जाते. नवजात बालकाच्या डोळ्यांतील भिंग अत्यंत पारदर्शक असते आणि त्यातून निळा प्रकाश प्रौढांच्या तुलनेत अधिक प्रमाणात दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. तेव्हा प्रखर झोत थेट डोळ्यांत न सोडणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही.

रंग खरा दिसतो का?

जुन्या पेन-टॉर्चमधील तंतूच्या दिव्याचा प्रकाश पिवळसर व अशक्त असे. पण त्यात लाल रंगापर्यंतचा वर्णपट सलग असे. पांढऱ्या एलईडीचे तसे नाही. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी सिद्ध केला. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर देऊन १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा आणि पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा भास होतो खरा. पण अशा साध्या एलईडीत गडद लाल प्रकाश फारच थोडा असतो. दिव्यात जो रंग मुळातच नाही, तो वस्तूवरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येणार कसा?

प्रकाशाच्या या गुणाचे माप म्हणजे ‘कलर रेंडरिंग इंडेक्स’, संक्षेपाने सीआरआय. सूर्यप्रकाश व तंतूचा दिवा यांचा सीआरआय १०० च्या जवळ असतो, स्वस्त विजेऱ्यांचा साधारण ७०. मात्र हा निर्देशांक आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात आणि त्यांत गडद लाल रंगाचा समावेश नाही. त्यासाठी ‘आर-९’ नावाचे वेगळे माप आहे. ८० सीआरआयच्या दिव्याचाही आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो.

वैद्यकात हा लाल रंग फार मोलाचा आहे. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन यांतील फरक ६६० नॅनोमीटरच्या गडद लाल पट्ट्यात ठळक असतो. पल्स ऑक्सिमीटर हाच पट्टा वापरतो. नेमक्या त्याच पट्ट्यात दिवा दुबळा असेल, तर ओठांवरील निळसर छटा नसताना भासते किंवा असूनही नजरेतून सुटते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या रुग्णालयांसाठीच्या १९९७ च्या प्रकाशमानकात म्हणूनच सायनोसिस ओळखण्यास दिवा कितपत योग्य आहे याचा स्वतंत्र निर्देशांक दिला असून, रंग-तापमान ३,३०० ते ५,३०० केल्विनच्या दरम्यान असावे असे म्हटले आहे.

काविळीची गोष्ट याच्या उलट आहे. बिलिरुबिन ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून घेते. फोटोथेरपी याच गुणावर उभी आहे. पिवळसर दिव्यात निळा प्रकाश कमी असल्यामुळे कातडीचा पिवळेपणा त्यात मिसळून जातो. म्हणजे फार थंड, निळसर प्रकाश नको आणि फार उबदार, पिवळाही नको. ४,००० ते ५,००० केल्विन आणि ९० हून अधिक सीआरआय ही आपल्या कामाची जागा होय. अर्थात, विजेरी कितीही उत्तम असली तरी काविळीची पातळी नजरेने ठरवू नये. संशय आला की बिलिरुबिनची तपासणी करावी, हे समव्यवसायी वाचकांना सांगणे न लगे.

खोक्यावर सीआरआय छापलेला नसेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. हळद-कुंकवाचे तबक घ्यावे, शेजारी पांढरे तांदूळ ठेवावेत, आणि अंधाऱ्या खोलीत त्यांवर विजेरीचा मध्यम प्रकाश टाकावा. कुंकू दिवसाउजेडी दिसते तसेच लाल दिसले, आणि हळदीची चिमूट तांदळांवर वेगळी उठून दिसली, तर प्रकाश विश्वासाचा आहे. कुंकू विटकरी वा तपकिरी दिसू लागले तर ती विजेरी जिन्यासाठी ठेवावी, तपासणीसाठी नको.

सर्वांत मंद पायरी महत्त्वाची

विजेरी घेताना सर्वाधिक ल्यूमेन विचारण्यापेक्षा सर्वांत कमी किती, हे आधी विचारावे. बाहुलीची प्रतिक्रिया, तिरळेपणाच्या शंकेसाठी कॉर्नियावरील प्रतिबिंब पाहणे, झोपलेल्या बाळाचा श्वास न्याहाळणे यांसाठी माझ्या अनुभवात पाच ते पंधरा ल्यूमेन पुरतात. घशासाठी पन्नास ते शंभर. त्याहून प्रखर पायरी लागते ती अंडकोषाच्या सुजेत पाणी आहे का हे प्रकाश आरपार टाकून पाहताना, किंवा अर्भकाच्या तळहाताखाली विजेरी धरून शीर शोधताना. अशा वेळी काच कातडीला टेकवून ठेवू नये; प्रखर पायरीवर एलईडीचे तोंडही चांगलेच तापते.

बटण दाबताच मंद प्रकाश यावा आणि तेथून पायरीपायरीने वाढत जावा, असा क्रम असलेली विजेरी निवडावी. लुकलुकणारा ‘स्ट्रोब’ प्रकार नसलेला बरा. सेकंदाला तीन ते तीस या गतीची उघडझाप प्रकाशसंवेदी अपस्माराच्या रुग्णात झटका आणू शकते. काही विजेऱ्या मंद पायरीवर दिवा अतिवेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी करतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास त्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. अशा प्रकाशाने डोळे शिणतात.

एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. बालकाच्या डोळ्यातील लाल परावर्तन तपासण्याचे काम ऑप्थॅल्मोस्कोपचे आहे. मोतीबिंदू वा रेटिनोब्लास्टोमा नाही असा निर्वाळा खिशातील विजेरीवर देता येत नाही.

सेलांचा हिशेब

जाहिरातीतील दाव्यांची परीक्षा साध्या अंकगणिताने होते. हातातील विजेरीचा एलईडी एका वॅटमागे सुमारे १०० ल्यूमेन देतो असे धरावे. १,००० ल्यूमेनला मग १० वॅट लागतात. पुन्हा भारित होणाऱ्या एका एए सेलमध्ये साधारण अडीच वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे एका एए सेलवर १,००० ल्यूमेन तासभर मिळणे शक्यच नाही. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या लिथियम-आयन सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास असतात. तो तासभर पुरेल, पण तेवढी उष्णता विजेरीचे लहानसे शरीर बाहेर टाकू शकत नाही, म्हणून काही मिनिटांत प्रकाश आपोआप खाली येतो. आणि ‘एक लाख ल्यूमेन’ असा दावा दिसला तर समजावे की त्यासाठी १,००० वॅट, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीइतकी शक्ती लागेल.

अॅप्रनच्या खिशासाठी एका एए सेलची, साठ ग्रॅमच्या आसपास वजनाची विजेरी मला सर्वांत सोयीची वाटते. सेल कोणत्याही दुकानात मिळतो. साधे अल्कलाइन सेल विजेरीत महिनोन् महिने ठेवू नयेत; ते गळून आतील जोडण्या खाऊन टाकतात. कमी वापर असेल तर एए आकाराचा, एकदाच वापरायचा दीड व्होल्टचा लिथियम सेल गळत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. याच आकाराचा, पण पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट देणारा लिथियम-आयन सेलही मिळतो. तो घरातील साध्या सेलांत मिसळू देऊ नये. घड्याळात वा खेळण्यात तो गेल्यास ते उपकरण जळते.

बटन-सेलची विजेरी नकोच

आता बालरोगतज्ज्ञ म्हणून सर्वांत आग्रहाचा मुद्दा. किल्ल्यांच्या जुडग्यातील चिमुकल्या विजेऱ्या, भेटवस्तू म्हणून वाटले जाणारे पेन आणि जत्रेतील प्रकाशाची खेळणी यांत चपटे बटन-सेल असतात, आणि त्यांचे झाकण बहुधा नखानेही निघते. २० मिलिमीटर व्यासाचा तीन व्होल्टचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर त्याच्या ऋण बाजूला हायड्रॉक्साइड तयार होऊन दोन तासांच्या आत खोल भाजल्यासारखी इजा होऊ शकते. पुढे श्वासनलिकेशी छिद्र पडणे, महारोहिणी फुटणे असे प्राणघातक उपद्रव संभवतात. ‘संपलेला’ म्हणून टाकलेल्या सेलमध्येही इजा करण्याइतका दाब उरलेला असतो.

एक्स-रेमध्ये हा सेल नाण्यासारखा दिसतो; कडेने दुहेरी वर्तुळ दिसले की नाणे समजून वाट पाहत बसू नये. अन्ननलिकेतील सेल ही तातडीने दुर्बिणीद्वारे काढण्याची बाब आहे. एक वर्षाहून मोठे, गिळू शकणारे मूल बारा तासांच्या आत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, सहा वेळांपर्यंत, द्यावा असे सध्याचे मार्गदर्शन आहे. त्यासाठी निघण्यास विलंब करू नये, उलटी करवू नये, आणि वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पालकाला हे एकदा सांगितले, तरी पुष्कळ काम होईल.

खरेदीपूर्वी

सारांशाने सांगायचे तर, विजेरी एका एए सेलची व अॅल्युमिनियमची असावी. सीआरआय ९० हून अधिक, प्रकाश मधल्या रंगाचा आणि पहिली पायरी मंद असावी. झोत मध्यभागी बोचरा नसून पसरट असावा, म्हणजे घशात प्रखर ठिपक्याऐवजी सर्वत्र सारखा उजेड पडतो. खिशाला घट्ट बसणारी क्लिप असावी. खिशात आपोआप चालू होऊ नये म्हणून शेपूट किंचित फिरवून ती बंद करता यावी. आयपीएक्स-७ दर्जाची विजेरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. अशी विजेरी प्रत्येक रुग्णानंतर स्पिरिटच्या बोळ्याने निर्धास्त पुसता येते. मोबाइलचा दिवा अडचणीच्या वेळी उपयोगी आहे; पण तो निळसर असतो, हात अडवतो, आणि दिवसभर हाताळलेला फोन बाळाच्या तोंडाजवळ नेणे उचित नव्हे.

अशी विजेरी एका चांगल्या स्टेथोस्कोपच्या काही अंशाने कमी किमतीत येते आणि नीट सांभाळली तर बरीच वर्षे सोबत करते. ती निवडताना आपण दुकानदाराला ‘किती लांब जाते?’ असे विचारण्याची सवय सोडून ‘रंग कसा दाखवते आणि किती मंद होते?’ असे विचारू लागलो, तर त्याचा लाभ आपल्या हाताखालच्या लहानग्या रुग्णांना निश्चित होईल.