मावशींची दांडी आणि अडीच हजार रुपये

'मावशी आज येणार नाहीत.' सोमवारी सकाळी साडेसातला हा निरोप आला की आपल्या दिवसाचे बारा वाजतात. डबा नाही, म्हणजे कॅन्टीनचा तेलकट वडा. आणि महिन्यातली ही तिसरी दांडी असेल तर मग काय, लिफ्टमध्ये शेजारणीबरोबर एक चर्चासत्रच!

आमच्या सोसायटीत चार घरी पोळ्या करणाऱ्या एका मावशींच्या दांड्यांचं कारण त्यांचा मुलगा आहे. वय १९. बौद्धिक अक्षमता. याला 'संजय गांधी'चे पैसे मिळतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत पोळ्यांच्या डब्याशेजारी एक प्लास्टिकची फाइल असते.

'संजय गांधी' म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. महाराष्ट्रात १९८० पासून चालू असलेली. तहसील कचेरीत 'संजय गांधी शाखा कुठाय?' एवढं विचारलं की बोट दाखवतात. निराधार, विधवा, दुर्धर आजारी आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले दिव्यांग, अशा सगळ्यांसाठी ही एकच खिडकी. २०२३ मध्ये महिन्याचे हजार रुपये दीड हजारावर गेले आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी अडीच हजार झाले. त्याआधी जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं होतं, मागणी होती सहा हजारांची. आणि केंद्राचं काय? केंद्राची दिव्यांग पेन्शन फक्त दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांना, आणि ती २०१२ पासून महिना ३०० रुपयांवरच अडकून बसलीये. मल्टिप्लेक्सचं एक तिकीट फार तर!

अडीच हजार म्हणजे आपलं महिन्याचं मोबाइल अधिक कॉफी बिल. मावशींसाठी ते घरभाडं आहे. प्रश्न एवढाच, की ते हातात पडेपर्यंत किती दांड्या?

आधी कार्ड, मग बाकी सगळं

पहिली पायरी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. २०२१ पासून अपंगत्वाचं प्रमाणपत्र या ऑनलाइन पद्धतीनेच मिळतं. फॉर्म घरबसल्या भरता येतो, पण शरीर घेऊन सरकारी रुग्णालयात जावंच लागतं. तपासणी ठरावीक वारी. कानाचं असेल तर बेराची तारीख वेगळी, बौद्धिक अक्षमता असेल तर बुद्ध्यांक चाचणीची वेगळी. गर्दी आणि आवाज सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन सकाळी आठपासून बाकावर बसून बघा. दोन तासांनी तो ओरडायला लागतो, लोक बघायला लागतात, आणि मावशी नंबर सोडून घरी येतात. म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा दांडी.

मानसिक आजारात तर वेगळीच पंचाईत. डॉक्टरांसमोर नेमका बरा दिवस असला, माणूस नीट बोलला, की टक्केवारी खाली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ वर नेले. त्यात थॅलेसेमिया आला, ऑटिझम आला, मानसिक आजाराची व्याख्या स्पष्ट झाली. कागदावर उत्तमच झालं! पण यातलं बरंचसं दिसत नाही. 'हा तर चांगला चालतोय की' हे वाक्य रांगेतल्या लोकांपासून खिडकीमागच्या साहेबांपर्यंत सगळे म्हणतात.

मुलगा १८ चा झाला की बँक विचारते, सही कोण करणार? बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचं प्रमाणपत्र काढता येतं. ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. ज्या आईने १८ वर्षं सगळं केलं, तिने आता आपण पालक आहोत हे सिद्ध करायचं. मुलाच्या हिताच्या दृष्टीने नियम बरोबर आहे, नाही असं नाही. पण ही समिती असते हेच किती जणांना माहीत असतं?

खरं बोललात तर बाद

आता खरी गोम. उत्पन्नाचा दाखला. या योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार रुपये आहे (बाकीच्यांसाठी तर २१ हजार!). ५० हजार भागिले १२ म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. चार घरच्या पोळ्यांचे महिन्याला आठ हजार धरले तरी वर्षाचे ९६ हजार होतात. म्हणजे शहरात धड पोट भरण्याएवढं कमावणारी बाई खरं उत्पन्न सांगून या योजनेत बसूच शकत नाही. नवरा वॉचमन असेल तर विषयच संपला. मुलाची औषधं, डायपर, रिक्षा, यांचा खर्च कुणी वजा करत नाही. मग काय होतं, ते आपण सगळे जाणतो. कुणीतरी 'ओळखीचा माणूस' भेटतो आणि दाखल्यावर बसेल तो आकडा येतो. या खेळात हरतात ते दोघंच: ज्यांची ओळख नाही ते, आणि ज्यांना खोटं लिहायची भीती वाटते ते.

यापुढे १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, तहसीलमध्ये अर्ज, मग तालुका समितीची बैठक होण्याची वाट. मंजुरी आली की आधार बँकेला जोडलेलं हवं, कारण पैसे आता थेट खात्यात येतात. आणि दरवर्षी हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत आहोत याचा पुरावा. बोटं झडलेल्या कुष्ठमुक्त माणसाने ठसा कसा द्यायचा? आधारच्या नियमांत त्याला सवलत आहे, पण मशीनसमोर बसलेल्या पोराला ती माहीत असेलच असं नाही.

हाच प्रश्न बँकांच्या केवायसीबाबत थेट सुप्रीम कोर्टात गेला होता. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं गेलं, आणि ते त्यांना शक्यच नव्हतं. ३० एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं की डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीला दुसरे पर्याय द्या.

ठरवलं तर होतं!

हे सगळं ऐकून 'सरकारी काम असंच असतं यार' म्हणावंसं वाटतं. पण थांबा. २०२४ ची लाडकी बहीण आठवा. तीही दीड हजारांचीच. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरजच नाही! अर्ज मोबाइलवरून. जुलैत योजना सुरू, ऑगस्टमध्ये पैसे जमा. लाडक्या बहिणींबद्दल तक्रार नाही, मिळाले ते चांगलंच झालं. पण म्हणजे कागद कमी करता येतात, मर्यादा वाढवता येते, आणि तेही महिन्या-दोन महिन्यांत. मग तेच ५० हजारवाल्यांसाठी का नाही?

बरं, कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४: अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम मिळाली पाहिजे. कायदा लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. महाराष्ट्रात या योजनेतल्या दिव्यांगांची रक्कम अडीच हजार झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. साडेआठ वर्षं!

तुमच्याकडे लॅपटॉप आहे, स्कॅनर अ‍ॅप आहे, आणि एखादा शनिवारही असेल. ओळखीत कुणाला गरज असेल तर यूडीआयडीचा फॉर्म तुम्ही अर्ध्या तासात भरू शकता. अर्ज कुठलाही असो, पोचपावती घ्या. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरलेली आहे, ती उलटली की अपील करता येतं. दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, तक्रार तिथे लेखी द्या. पालिका आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, त्यातून काय मिळतं ते वॉर्ड ऑफिसात विचारा. ५० हजारांत न बसणाऱ्यांना तिथे काहीतरी हाती लागू शकतं.

आणि हो, फॉर्ममध्ये मोबाइल नंबर त्यांच्याच घरातला टाका. तुमचा टाकलात आणि उद्या जॉब बदलून बंगलोरला गेलात, तर ओटीपीही तुमच्याबरोबर बंगलोरला जाईल.